गांधीलमाशीच्या जातीची बोट



आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा बारावी झाला आणि आता नौदलात अग्निवीर म्हणून भरती व्हायची तयारी करतोय. पहाटे माळावर पळतो, रात्री गणितं सोडवतो. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, बायका उठायला लागल्या, तेव्हा ताई माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "मॅडम, हा म्हणतो नौदलात लहान मिसाइल बोटी असतात, त्यांनी मोठमोठाली जहाजं बुडवली. आता लहान बोट मोठं जहाज बुडवणार तरी कशी? आणि माझं पोर असल्या लहान बोटीवर गेलं, तर तिथं धोका जास्त का कमी?"

पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी अर्धंमुर्धं उत्तर दिलं. दुसऱ्याला गप्प बसले. नंतर मिळेल तसं वाचत गेले, आणि तेच आज तुम्हाला सांगणार आहे. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. तो त्याच तारखेला का, तेही यात येईल, कारण तो दिवस या लहान बोटींचाच आहे.

आधी बोट कशी असते ते बघू. आपल्या नौदलानं १९७१ मध्ये सोव्हिएत रशियाकडून आठ बोटी आणल्या. नावं सगळी भारी : विद्युत, विजेता, वीर, विनाश, निपात, नाशक, निर्भीक, निर्घात. या जातीला आपल्याकडे विद्युत वर्ग म्हणतात. पाश्चिमात्य देशांनी या बोटींना 'ओसा' असं नाव ठेवलं होतं. ओसा म्हणजे रशियन भाषेत गांधीलमाशी. ज्यानं ठेवलं त्याला नाव ठेवता येत होतं एवढं नक्की.

एक बोट साधारण ३८ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद. म्हणजे तीन-साडेतीन एसटी एकामागं एक उभ्या केल्या एवढी लांबी. वजन दोनशे टनांच्या आसपास. आपल्याला हे खूप वाटतं, पण लढाऊ जहाजांच्या जगात हे पिलू आहे. मोठ्या लढाऊ जहाजाचं वजन दोन-तीन हजार टन आणि त्याहूनही जास्त असतं. बोटीवर माणसं तीसच्या आसपास. इंजिनं तीन, प्रत्येक चार हजार अश्वशक्तीचं. आपल्या गावातला चांगला ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा धरा. असे अडीचशेच्या वर ट्रॅक्टर एकदम जुंपले तर जेवढी ताकद होईल, तेवढी या एका बोटीत. त्यामुळं ती पाण्यावरून ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगानं जाते. पाण्यावर हा वेग म्हणजे पळणं नव्हे, झेपावणंच.

पण वेगानं जहाज बुडत नाही. खरी गोष्ट आहे ती बोटीच्या पाठीवरच्या चार मोठ्या पेट्यांची. दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. प्रत्येक पेटीत एक क्षेपणास्त्र.

इथं तोफ आणि क्षेपणास्त्र यातला फरक समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तोफेचा गोळा स्वतःहून जात नाही, तोफ त्याला ढकलते. जेवढ्या जोरानं गोळा पुढं जातो, तेवढाच हिसका तोफेला मागं बसतो. गोळा मोठा हवा असेल तर तोफ मोठी हवी, आणि तिचा हिसका सोसायला जहाजही तसंच जड हवं. म्हणून शेकडो वर्षं समुद्रावर मोठ्याचंच राज्य होतं. लहान्यांनी करायचं काय, तर चपळाई. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर शिवाजी महाराज किल्ला बांधत होते, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं घालून बेट अडवलं होतं. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोचवत होत्या. मोठ्या जहाजांना त्या धरता येईनात. पण धरता येत नव्हत्या, म्हणून त्या होड्या मोठं जहाज बुडवू शकत होत्या असं नाही.

क्षेपणास्त्रानं ते बदललं. क्षेपणास्त्राला त्याचं स्वतःचं इंजिन असतं. पेटीतून निघालं की ते आपल्या पायानं जातं, बोटीला तोफेसारखा मागं हिसका बसत नाही. बोट म्हणजे नुसती वाहून नेणारी गाडी. त्यामुळं दोनशे टनांच्या बोटीलाही मोठ्या जहाजाएवढा, किंबहुना त्याहून मोठा घाव घालता येतो. या बोटींवरच्या क्षेपणास्त्राचं नाव स्टिक्स. वजन दोन टनांच्या वर. पुढच्या टोकाला साडेचार-पाच क्विंटलाचा स्फोटक भाग. पल्ला चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढं अंतर ते दोन-सव्वादोन मिनिटांत कापतं. चहाला उकळी येईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

मग त्याला जहाज दिसतं कसं? वटवाघूळ अंधारात कसं उडतं ते तुम्ही शाळेत शिकला असाल. ते आवाज काढतं, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून त्याला भिंत कळते. रडार तसंच, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी. बोटीचं रडार आधी लांबचं जहाज शोधतं आणि क्षेपणास्त्र त्या दिशेनं सोडलं जातं. शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राच्या नाकातलं छोटं रडार चालू होतं, आणि समोरून ज्याचा प्रतिध्वनी ठळक येईल त्यावर ते जाऊन आदळतं. ज्याचा ठळक येईल त्यावर, हे लक्षात ठेवा. ते जहाज लढाऊ आहे का माल वाहणारं, त्यावरची माणसं कोणत्या देशाची, हे त्याला कळत नाही. सोडणाऱ्यालाही रडारच्या पडद्यावर नुसता ठिपकाच दिसत असतो.

अशा बोटी काय करू शकतात ते जगाला कळलं २१ ऑक्टोबर १९६७ ला. इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरासमोर इस्रायलचं 'एलात' नावाचं जहाज फिरत होतं. बंदराच्या आतूनच इजिप्तच्या बोटींनी स्टिक्स सोडली. त्या बोटी तर या ओसापेक्षाही लहान होत्या. बंदराबाहेर यायचीसुद्धा त्यांना गरज पडली नाही. एलात बुडालं, ४७ माणसं गेली. त्या दिवसापासून जगातलं प्रत्येक नौदल या पिलांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलं.

आता आपल्या आठ बोटी. त्या चालवायला शिकण्यासाठी आपले अधिकारी आणि नौसैनिक रशियाच्या पार पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकला गेले. तिथं हिवाळ्यात समुद्र गोठतो. शिकवणारे रशियन, पुस्तकं रशियन, यंत्रांवरच्या पाट्याही रशियन. म्हणजे आधी भाषा शिका, मग बोट. कोकणातला, केरळातला, पंजाबातला मुलगा तिथं बसून रशियन मुळाक्षरं गिरवतोय, हे चित्र मला फार आवडलं.

बोटी भारतात आल्या त्या मोठ्या जहाजांच्या पाठीवर बसून. आणि मुंबईला उतरवाव्यात तर एवढं वजन उचलणारी क्रेन तेव्हा मुंबई बंदरात नव्हती. ती कलकत्त्याला होती. म्हणून बोटी कलकत्त्याला उतरवल्या, आणि तिथून दुसऱ्या जहाजांनी दोर लावून सगळ्या दक्षिण भारताला वळसा घालत त्या मुंबईला ओढून आणल्या. ट्रॅक्टरला ट्रॉली लावतात तसं. हा सगळा खटाटोप गैरसोयीपोटी झाला, पण त्यातून एक गोष्ट कळली, ती म्हणजे ही बोट खुल्या समुद्रात लांबवर ओढून नेता येते.

हे कळणं का महत्त्वाचं? कारण रशियनांनी ही बोट बनवली होती किनारा राखायला. शत्रू जवळ आला की झपकन बाहेर जायचं, मारायचं, परत यायचं. बोटीत तेल थोडं मावतं, आणि जोरात पळवली तर ते भराभर संपतं. लाटा मोठ्या असल्या की तिचे हाल. लांबचं बघायला उंच डोलकाठी नाही. पाण्याखाली पाणबुडी आली तर कळायची सोय नाही. विमान आलं तर चार लहान नळ्यांच्या तोफा, बस. गांधीलमाशी घरट्याजवळच डसते, म्हणतात ना, तसंच हे. आणि पाकिस्तानचं कराची बंदर मुंबईपासून समुद्रानं नऊशे किलोमीटरच्या आसपास.

तरी नौदलानं ठरवलं की युद्ध झालंच तर या बोटी कराचीला न्यायच्या. बोटींना जे जमत नाही ते सोबतच्यांनी करायचं. त्यासाठी ओढून नेण्याचा सराव केला. पाणबुडीवर नजर ठेवायला आणि लांबचं बघायला किल्टन आणि कच्छाल ही दोन मोठी जहाजं दिली. तेल द्यायला पोषक नावाचं तेलवाहू जहाज. पोषक! आठ भारी नावांच्या या गोष्टीत मला हेच नाव सगळ्यात जास्त आवडलं. ते नसतं तर बाकीच्यांचं काय झालं असतं?

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं. ४ तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कराचीकडं निघाल्या. तुकडीचे प्रमुख बब्रूभान यादव निपातवर होते. दिवसभर पाकिस्तानी विमानांच्या टेहळणीच्या टप्प्याबाहेर राहायचं आणि अंधार पडल्यावर आत घुसायचं, अशी योजना. रात्री समुद्रावर जहाज शोधून मारायची सोय त्यांच्या विमानांकडं नव्हती, म्हणून रात्रच निवडली.

रात्री साडेदहाच्या पुढं निर्घातनं पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. समोर होतं पाकिस्तानचं 'खैबर', बोटीच्या दहापटीहून जड असलेलं लढाऊ जहाज. खैबरवरच्या लोकांना आकाशातून एक झगझगीत दिवा येताना दिसला. त्यांना वाटलं विमान. त्यांनी विमान पाडायच्या तोफा चालवल्या. क्षेपणास्त्र आदळलं, बॉयलर फुटला, वीज गेली. त्यांनी आपल्या मुख्यालयाला कळवलं की शत्रूच्या विमानानं हल्ला केलाय. थोड्या वेळानं दुसरं आदळलं आणि खैबर बुडालं. कळवताना जागेचे आकडे चुकले होते, त्यामुळं वाचवायला येणाऱ्यांना ठिकाण सापडायला वेळ लागला. दोनशेच्या वर माणसं गेली.

दुसरीकडं वीरनं 'मुहाफिझ' नावाचं लहान जहाज बुडवलं. ते इतक्या झटक्यात गेलं की मदतीचा निरोप द्यायलाही वेळ मिळाला नाही. निपातच्या माऱ्यात 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज बुडालं आणि 'शाहजहान' जहाज निकामी झालं. मग निपातनं एक क्षेपणास्त्र कराचीच्या किमाडी भागातल्या तेलाच्या टाक्यांकडं सोडलं. तिन्ही बोटी परत आल्या. आपला एकही माणूस गेला नाही. ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला तो यामुळं.

त्यानंतर कराचीत जी भीती बसली तिचं काय झालं ते ऐका. ६ तारखेला पाकिस्तानच्या टेहळणी विमानाला समुद्रात एक जहाज दिसलं. मिसाइल बोट आली, असं त्यांना वाटलं. त्यांच्या लढाऊ विमानानं येऊन त्यावर गोळ्यांचा पाऊस पाडला. ते निघालं त्यांचंच 'झुल्फिकार'. आपल्याच माणसांच्या हातून आपलीच माणसं गेली. ज्या बोटी तिथं नव्हत्याच, त्यांनी केलेलं हे नुकसान.

८ तारखेच्या रात्री विनाश ही एकच बोट, तलवार आणि त्रिशूल या दोन जहाजांसोबत, पुन्हा कराचीपर्यंत गेली. विजय जेरथ तिचे कप्तान होते. समुद्र खवळलेला होता. त्यांनी चारही क्षेपणास्त्रं सोडली. तेलाच्या टाक्या पेटल्या, पाकिस्तानचं तेलवाहू 'ढाका' जायबंदी झालं. पण 'गल्फ स्टार' नावाचं पनामाचं जहाज बुडालं आणि ब्रिटनचं 'हरमत्तान' मोडलं. या दोन जहाजांचा आपल्या युद्धाशी काही संबंध नव्हता. ठळक प्रतिध्वनी आला तिकडं क्षेपणास्त्र गेलं. आपल्याकडं ही गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा पटकन उरकतात. मला तो उरकावासा वाटला नाही, कारण जहाजावर पोटासाठी गेलेली माणसं आपल्या कोकणातही घराघरात आहेत.

त्यानंतर परदेशी मालवाहू जहाजं कराचीतून बाहेर पडायला वाट मागायला लागली. बंदराचा व्यवहार जवळजवळ थंडावला.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. लहान बोटीवर धोका जास्त का कमी?

पहिली गोष्ट, त्याच युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री आपलं 'खुकरी' हे जहाज दीवजवळ पाकिस्तानच्या पाणबुडीनं बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. खुकरी मिसाइल बोटीपेक्षा कितीतरी मोठी होती. म्हणजे मोठं जहाज म्हणजे सुरक्षित, असं म्हणता येत नाही. लहान बोट रडारवर बारीक दिसते, चटकन वळते, मारून पटकन निघून जाते. तिचं संरक्षण ते एवढंच.

पण दुसरी गोष्टही खरी. त्या बोटीला घाव सोसत नाही. मोठ्या जहाजाचा एक भाग फुटला तरी दुसरे भाग तरंगत राहू शकतात. लहान बोटीला एक नीट बसला की संपलं. शिवाय जुन्या स्टिक्समधलं इंधन विषारी आणि जाळणारं होतं. ते भरताना माणसांना अंगभर वेगळा पोशाख घालावा लागायचा. असली चार क्षेपणास्त्रं डोक्याशी घेऊन तीस माणसं झोपायची.

आणि शत्रूही शिकतोच. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सीरियाच्या लताकिया बंदरासमोर इस्रायलच्या आणि सीरियाच्या मिसाइल बोटी समोरासमोर आल्या. सीरियाकडं हेच स्टिक्स होतं, आणि त्याचा पल्ला इस्रायलच्या क्षेपणास्त्राच्या दुप्पट. पण एलात गमावल्यावर इस्रायलनं उपाय शोधून ठेवला होता. त्यांनी रडारला फसवणाऱ्या लहरी सोडल्या आणि हवेत धातूच्या बारीक पट्ट्यांचे ढग उधळले. क्षेपणास्त्राच्या नाकातल्या रडारला त्या ढगातूनच ठळक प्रतिध्वनी यायला लागला, आणि ती ढगाकडं गेली. शेतात बुजगावणं उभं करतो तसंच, फक्त आकाशात. सीरियाच्या बोटी बुडाल्या, इस्रायलची एकही नाही. पुढं १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटनच्या हेलिकॉप्टरनी इराकच्या मिसाइल बोटी वरूनच टिपल्या. वर छत्र नसेल तर ही बोट उघडी पडते. कराचीला ती रात्री गेली आणि सोबत घेऊन गेली, म्हणून परत आली.

म्हणून ताईंना मी सांगितलं, बोट लहान का मोठी यापेक्षा तिच्यासोबत कोण आहे, हे विचारायला हवं.

त्या पहिल्या आठ बोटी आता नाहीत. पण त्यांच्यातली बहुतेक नावं पुढच्या जातीच्या मोठ्या बोटींना दिली गेली. त्यातल्या काही आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या. मुंबईत असलेल्या या बोटींच्या ताफ्याला, किलर स्क्वाड्रनला, ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानाचा ध्वज मिळाला. नव्या जातीच्या सहा बोटी बांधायचं काम २०२३ मध्ये कोचीनच्या शिपयार्डला दिलं आहे.

ताईंच्या मुलानं अजून समुद्र पाहिलेला नाही. निवड झाली तर तो आधी ओडिशात चिल्का इथं शिकायला जाईल. तिथून २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या, हे आपल्या गटातल्या ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांनी ऐकून ठेवा. नोकरी चार वर्षांची. त्यातून शंभरातल्या पंचवीसपर्यंत मुलांना पुढं घेतात. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. हे सगळं मी ताईंना सांगितलं. त्यांनी विम्याचा आकडा ऐकला आणि तोंड फिरवलं. आईला त्या आकड्याचा अर्थ लगेच कळतो.

मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पोहायला शिकवतात का तिथं?"

शिकवतात म्हटलं. याला येतं का?

"विहिरीत येतं. पण औंदा विहिरीला पाणी कुठंय?" म्हणाल्या. आणि लगेच, "माझ्या माहेरी कॅनॉल वाहतो. महिनाभर तिकडं पाठवते त्याला."